नाथसागराची बेटं विणीपुरती बंद ठेवा



संभाजीनगरहून आमच्या शनिशिंगणापूरला शनिदर्शनासाठी येणारे भाविक प्रवरासंगमाच्या पुलावरून नाथसागराचं पाणी पाहतात. जायकवाडी धरणाच्या या जलाशयात सुमारे ३० बेटं आहेत. धरणात बुडालेल्या शिवाराचे हे उरलेले मुरमाड माथे. वस्ती कुणाचीच नाही. १९८६ मध्ये जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हापासून कागदावर ही बेटं पक्ष्यांची आहेत. उन्हाळ्यात मात्र तिथे कुणीही उतरतं.

आणि मार्च ते मे याच दिवसांत नदी सुरय हा पक्षी त्या उघड्या मुरमावर अंडी घालतो. घरटं म्हणजे ओंजळीएवढा खळगा, त्यात दोन-तीन मातकट अंडी. पायाखाली आली तरी कळत नाहीत. आमच्या गावात घरांना दारं नसतात, शनिदेवाच्या धाकावर भागतं. सुरयाच्या अंड्यांमागे तोही धाक नाही.

आपण अंड्यांना हात लावला नाही म्हणजे नुकसान झालं नाही, असं अनेकांना वाटतं. भर दुपारी पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतो आणि अंडी गार ठेवतो. माणूस बेटावर उतरला की अख्खी वसाहत ओरडत डोक्यावर घिरट्या घालते, आणि तेवढ्या वेळात तापल्या मुरमावर अंड्यातला जीव जातो. हौसेने फोटो काढायला जाणारे पक्षिप्रेमीही या दोषातून सुटत नाहीत.

पाणी ओसरलं की काही बेटं काठाला जोडली जातात. मग शेळ्या-मेंढ्या, मोकाट कुत्री चालतच पोचतात. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांभोवती निदान बारमाही पाणी आहे. तरी तिथल्या पाकोळ्यांची घरटी चोरीला गेलीच.

गाळपेर करणारे आणि मासेमारी करणारे यांच्या पोटावर पाय द्या, असं मी म्हणत नाही. धरणात जमिनी गेल्या त्या याच काठच्या लोकांच्या. काठ त्यांना राहू द्या. फक्त विणीची बेटं तीन महिने सर्वांना बंद करा आणि राखणीला याच गावांतली माणसं पगारावर नेमा. चंबळच्या काठी पाणचिऱ्यांची घरटी गावकऱ्यांनीच राखली आहेत. नदी सुरय आज जगभरात संकटग्रस्त गणला जातो, त्याला आपल्या तालुक्यात जागा आहे, हे थोडं नाही.

वन्यजीव आणि जलसंपदा विभागांनी फेब्रुवारीअखेर बेटांची पाहणी करून मनाईचे फलक लावावेत. मार्चमध्ये अंडी पडू लागतात.

— एक वाचक, शनिशिंगणापूर, ता. नेवासा, जि. अहिल्यानगर