वल्ह्याच्या नावेला विम्याचे छत्र हवे

मोगल अमदानीत ज्या बुऱ्हाणपुरातून सुरतेच्या बंदराकडे मालाचे तांडे निघत असत, आणि जेथील विणकरांच्या तलम कापडाची कीर्ती तॅव्हर्निएसारख्या परदेशी प्रवाशाने आपल्या प्रवासवृत्तांतात नमूद करून ठेवली, त्या व्यापारी पेठेला प्रवासातील जोखीम ही वाटून घ्यावयाची वस्तू आहे, हे शिकविण्याची आवश्यकता नव्हती. पश्चिम हिंदुस्थानातील व्यापारात जोखमी हुंडीची चाल होती. माल मुक्कामी सुखरूप पोचला तरच अशा हुंडीची रक्कम देय होई. मार्गात तो बुडाला अथवा नष्ट झाला, तर तोटा हुंडी विकत घेणाऱ्याने सोसावयाचा असा तिचा करार असे. एका माणसाचा सर्वनाश होऊ नये म्हणून अनेकांनी थोडे थोडे द्यावे, हे विम्याचे तत्त्व आपल्या पूर्वजांच्या अंगवळणी पडलेले होते. असे असता, तापीच्या पात्रात आणि तिच्या काठावर आज ज्या नावा दिसतात, त्यांपैकी वल्ह्याने चालणारी नाव मात्र या आधारापासून वंचित राहावी, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

मासेमारी करणाऱ्या भोई-केवटांची नाव हे त्यांचे शेत आहे, अवजार आहे आणि बहुधा त्यांच्या घरातील सर्वांत मौल्यवान चीज आहे. पावसाळ्यात मुलताईपासून सातपुड्याच्या रानांतले पाणी गोळा करीत तापी जेव्हा फुगते, तेव्हा दावे तुटून वाहून गेलेली नाव थेट हतनूरच्या जलाशयाच्या दिशेने निघते आणि पुढे तिचा ठावठिकाणा लागणे दुष्कर होते. पुरापेक्षाही वाईट म्हणजे चोरी. कारण नैसर्गिक आपत्तीच्या मदतनिधीत नावा-जाळ्यांच्या हानीला निदान काही स्थान आहे, परंतु रात्रीतून घाटावरून नाहीशी झालेली नाव कोणत्याही आपत्तीच्या व्याख्येत बसत नाही.

हीच अडचण आता निराळ्या वेषात आपल्या प्रांतात आली आहे. भोपाळचा मोठा तलाव आणि महेश्वरची सहस्रधारा येथे कयाकचा खेळ रुजला असून 2023 च्या आरंभी खेलो इंडियाच्या स्पर्धा मध्य प्रदेशात झाल्या, तेव्हा सहस्रधारेच्या खडकाळ प्रवाहात देशभरातील मुलेमुली वल्ही मारीत होती. उसळत्या पाण्यातील या शर्यतीची कयाक सुमारे साडेतीन मीटर लांबीची आणि वजनाला इतकी हलकी असते की एकटा मनुष्य ती खांद्यावर टाकून सहज चालता होतो. जो हलकेपणा खेळाडूला उपकारक, तोच चोरालाही. आणि फायबरग्लासचे ते पातळ कवच खडकावर आपटले म्हणजे तडकावयास वेळ लागत नाही. सामान्य घरातील मुलाला स्वतःची कयाक, वल्हे, शिरस्त्राण आणि तरंगजाकीट घेऊन देणारा बाप जो खर्च करतो, तो एका रात्रीत वाया जाण्याची भीती त्याने का बाळगावी?

घराचा विमा आहेच, असे कोणी म्हणेल. पण त्या कागदाच्या अटी वाचाव्या. घरफोडीच्या विम्यात सामान्यतः कुलूप तोडल्याचा, बळाने आत शिरल्याचा पुरावा मागितला जातो. उघड्या घाटावर बांधलेल्या नावेला ना दार ना कडी. सामान घराबाहेर नेले की त्याचे संरक्षण बहुधा संपते, आणि कयाक तर घराबाहेर नेण्यासाठीच घेतलेली असते. शिवाय हप्ता वाचविण्यासाठी वस्तूची किंमत कमी दाखविण्याचा मोह फार घातक आहे. चाळीस हजारांची नाव वीस हजारांना नोंदविली आणि दहा हजारांचे नुकसान झाले, तर सरासरीच्या अटीप्रमाणे हाती पाचच हजार पडतात. ही अट किती जणांना ठाऊक असते?

माझ्या मते या सर्वाचे मूळ नावेला ओळख नाही या एका गोष्टीत आहे. मोटारीला क्रमांक असतो, दाखला असतो, म्हणून तिचा विमा उतरतो आणि चोरीची फिर्यादही उभी राहते. वल्ह्याच्या नावेची मालकी मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षीवर अवलंबून. 1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या 2021 च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमाने यंत्रचलित नावांना विम्याचे बंधन घातले, आणि यंत्राविना चालणाऱ्या नावांची स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत नोंद करून दाखला देण्याचीही तजवीज केली. या दुसऱ्या तरतुदीचे महत्त्व फार मोठे आहे. बुऱ्हाणपूरची महापालिका आणि काठावरच्या ग्रामपंचायती यांनी एक नोंदवही उघडून प्रत्येक नावेच्या तळावर पुसला न जाणारा क्रमांक कोरला, तर विमा कंपनीला नकार देण्याचे निम्मे कारण उरणार नाही.

उरलेले निम्मे कारण खर्चाचे, आणि तेही खरे आहे. एवढ्याशा हप्त्यासाठी दूरच्या नदीकाठी सर्वेक्षक धाडणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नाही. त्यास उपाय सामूहिक विम्याचा. मच्छीमारांच्या सहकारी संस्थेने किंवा क्रीडासंघाने सर्व सभासदांच्या नावांचा एकच करार करावा, लहान नुकसानीसाठी पटवाऱ्याचा पंचनामा व छायाचित्रे ग्राह्य धरावीत, आणि साखळी-कुलपाची अट व नुकसानीचा पहिला अल्प हिस्सा मालकाकडे ठेवून निष्काळजीपणाला आळा घालावा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूसाठी पाच लाखांचे संरक्षण आहे आणि त्याचा हप्ता त्याच्याकडून घेतला जात नाही. त्याच योजनेत मासेमारी नौकांच्या विमाहप्त्याला साहाय्य देण्याचीही तरतूद आहे. समुद्रावरील मोठ्या नौकांइतकाच तापीवरील वल्ह्याच्या नावेचा तिच्यावर हक्क आहे, असे शासनाने स्पष्ट शब्दांत जाहीर करावे.

तोवर मालकांनी स्वस्थ बसू नये. खरेदीची पावती जपावी, नावेची चारी अंगांनी छायाचित्रे काढावीत, करार करताना ‘उघड्या जागेवरून झालेली चोरी’ समाविष्ट आहे की नाही हे लेखी विचारून घ्यावे, आणि नाव गेल्याचे कळताच पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवून त्याच दिवशी कंपनीला कळवावे. रास्त मागणी नाकारली गेली तर विमा लोकपालाचे कार्यालय भोपाळला आहे. तेथे दाद मागण्यास शुल्क पडत नाही आणि वकीलही लागत नाही.