पाटी उरली, विमाने कधी?

चंडीगडच्या तळावर २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ शेवटची उतरली. पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली आणि विमानाच्या नोंदींची ‘फॉर्म ७००’ ही वही हवाई दलप्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांच्या हाती सोपवली. १९६३ मध्ये याच चंडीगडला २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने उघडलेले खाते तिथेच बंद झाले. निरोप देखणा होता. मागे उरलेले गणित तसे नाही: मंजूर स्क्वाड्रन ४२, हाती २९.

विमान गेले म्हणून स्क्वाड्रन संपत नाही. हवाई दलाच्या बोलीत ती ‘नंबरप्लेट’ होते. क्रमांक आणि बोधचिन्ह राखून ठेवायचे, नवे विमान आले की पुन्हा लावायचे. १७ क्रमांकाच्या ‘गोल्डन ॲरोज’ने मिग-२१ सोडले आणि २०२० मध्ये अंबाल्यात तीच राफेल घेऊन उभी राहिली. श्रीनगरच्या आकाशात नॅटमधून लढताना परमवीर ठरलेल्या निर्मलजितसिंग सेखोंची १८ क्रमांकाची स्क्वाड्रन आता तेजस उडवते. परंपरा अशी टिकते. पण पाटी सांभाळायला कपाट पुरते, सीमा सांभाळायला विमान लागते.

ते का येत नाही? उत्तर जुने आहे.

कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या आराखड्यावर बेंगळुरूत घडलेले ‘मरुत’ १९६१ मध्ये उडाले. सांगाडा स्वनातीत वेगाचा, इंजिन मात्र तेवढ्या ताकदीचे मिळालेच नाही. १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर त्याने चोख काम केले, पण पुढची पिढी काही जन्मली नाही. त्याच युद्धात १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर अचूक मारा केला तो मिग-२१ ने. मिग पुढे नाशिकजवळच्या ओझरला शेकड्यांनी बांधले गेले. आपण विमान बांधायला शिकलो. इंजिनाची रचना मात्र परक्याचीच राहिली.

तेजसची कथा तिथेच अडते. स्वदेशी ‘कावेरी’ इंजिन त्याच्या उपयोगी पडले नाही. २०२१ मध्ये ८३ मार्क-१ए विमानांचा करार झाला; त्यांच्यासाठीचे पहिले अमेरिकी इंजिन हाती पडायला मार्च २०२५ उजाडला. तोवर तेजस बांधणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स कंपनीवर टीकेची झोड उठली. दिरंगाईत तिचा वाटा आहेच. पण इंजिन संशोधनाला दशकानुदशके हात आखडून पैसा देणाऱ्या सर्व सरकारांनीही आरशात पाहावे.

सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजसची मागणी नोंदवली गेली. ऑक्टोबरमध्ये ओझरला तिसरी जुळणी मार्गिका सुरू झाली. बेंगळुरूसह तिन्ही मार्गिकांची क्षमता वर्षाला २४ विमानांची. इंजिने वेळेवर आली, तरी १८० तेजसना साडेसात वर्षे लागतील. १९७९ पासून सेवेत असलेली जॅग्वारही तोवर निवृत्तीच्या रांगेत असतील. म्हणून इंजिनांच्या पुरवठ्याचे वेळापत्रक आणि स्वदेशी इंजिनासाठीची तरतूद, दोन्ही सरकारने दरवर्षी संसदेपुढे ठेवायला हवीत.