उडायचंय? आधी ‘आज नको’ म्हणायला शिका

सप्टेंबर संपत आला की माझ्या फोनवर एकच रील वेगवेगळ्या चेहऱ्यांनी फिरायला लागतं. खाली दरी, वर रंगीत छत्री, मागे पायलट आणि पुढे सेल्फी स्टिक धरून किंचाळणारं आपल्याच वयाचं कुणीतरी. पाऊस ओसरतो, हिमाचलमधली १५ जुलै ते १५ सप्टेंबरची पावसाळी बंदी उठते, इकडे ऑक्टोबरपासून कामशेतचे डोंगर सुरू होतात आणि ग्रुपवर मेसेज पडतो, ‘कोण कोण येतंय?’

यंदा तो मेसेज वाचताना मला जानेवारी आठवला. १८ जानेवारी २०२५ ला उत्तर गोव्यात केरीच्या पठारावरून उडालेलं एक टँडेम पॅराग्लायडर दरीत कोसळलं. पुण्याहून फिरायला गेलेली २७ वर्षांची तरुणी आणि तिचा नेपाळी पायलट, दोघंही गेले. परवानगी नसताना उड्डाणं चालवल्याच्या आरोपावरून पोलिसांनी कंपनीच्या मालकावर गुन्हा दाखल केला. त्याच सुमारास हिमाचलमध्ये कुल्लू आणि धर्मशाळा इथल्या वेगवेगळ्या अपघातांत दोन पर्यटकांचा जीव गेला.

ही बातमी आईने मला व्हॉट्सॲपवर पाठवली. खाली एकच ओळ, ‘अजून जायचंय का?’ कारण फेब्रुवारीत कामशेतला होणाऱ्या बिगिनर कोर्ससाठी मी नाव दिलेलं होतं.

मी गेले. आणि तिथल्या चार दिवसांनंतर या बातम्या मी वेगळ्या नजरेने वाचायला लागले. उडण्यात धोका आहे का, तर आहेच. पण आता प्रत्येक बातमीत मी आधी शोधते, की त्या दिवशी ‘आज नको’ असं म्हणण्याचा अधिकार कुणाकडे होता आणि तसं म्हटलं असतं तर कुणाचे पैसे बुडाले असते?

पहिला दिवस जमिनीवरच

आधी एक गोंधळ मिटवू, कारण माझाही होता. हँग ग्लायडिंग आणि पॅराग्लायडिंग एक नाही. हँग ग्लायडरला ॲल्युमिनियमचा सांगाडा असतो, त्यावर कापड ताणलेलं. पायलट त्याखाली पोटावर झोपल्यासारखा लटकतो आणि समोरचा दांडा धरून अंगाचं वजन इकडे-तिकडे सरकवत वळतो. नुसतं विंगच पंचवीस-तीस किलोचं. पॅराग्लायडरला सांगाडाच नाही. पुढच्या बाजूच्या तोंडांतून हवा आत शिरते आणि त्या हवेनेच पंख फुगलेला राहतो. घडी घातली की सगळं सामान पाठीवरच्या सॅकमध्ये बसतं. म्हणूनच आपल्याकडे नवख्याला शिकायला मिळतं ते बहुतेक पॅराग्लायडिंगच.

पण दोन्हींत पहिला धडा सारखाच असतो, आणि तो हवेत नसतो.

कामशेतला पहिल्या दिवशी आम्हाला डोंगर लांबूनच दिसला. कापणी झालेल्या भातखाचरात विंग पसरायचं, दोऱ्या सोडवायच्या, हार्नेस चढवायचा आणि पळायचं. विंग डोक्यावर येतं, अर्ध्या सेकंदात एका बाजूला कलतं आणि तुम्हाला घेऊन बांधावर आपटतं. परत पसरा. परत दोऱ्या सोडवा. याला म्हणतात ग्राउंड हँडलिंग. दुपारपर्यंत माझे गुडघे सोलले होते आणि कानात भाताचं तूस गेलं होतं. एका वेळचं बरं फोटोसुद्धा नव्हते.

आमच्या बॅचमधल्या एकाने विचारलंच, “सर, उडायचं कधी?”

सर म्हणाले, “विंग डोक्यावर आहे हे वर न बघता कळायला लागलं की.”

या खेळातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या स्वभावाच्या उलट आहेत. घाबरलं की माणूस हातातलं जे असेल ते घट्ट ओढतो. पॅराग्लायडरमध्ये हातात ब्रेक असतात. ते ओढले की वेग कमी होतो, आणि फार कमी झाला की विंग उडायचंच थांबतं. हँग ग्लायडरमध्येही तेच. जमीन जवळ आली की नवखा माणूस दांडा पुढे ढकलतो, वेग मरतो आणि विंग खाली बसतं. म्हणजे भीती वाटते तेव्हा हात वर सोडायचे, ही सवय लावावी लागते. ती वाचून लागत नाही. भातखाचरात पन्नास वेळा आपटूनच लागते.

दुसरा धडा वाऱ्याचा. डोंगराच्या ज्या बाजूला वारा धडकतो तिथे तो वर चढतो, आणि तिथेच उडायचं. मागच्या बाजूला तो भोवऱ्यासारखा गरगरतो. त्याला रोटर म्हणतात. तिथे विंग सापडलं तर ते कोलमडू शकतं. भर दुपारी जमीन तापून गरम हवेचे झोत वर उठतात. अनुभवी पायलट त्यांवर स्वार होऊन तासन्‌तास उडतात, पण नवख्याला तेच झोत फेकून देतात. म्हणून बिगिनर लोक सकाळी किंवा संध्याकाळी. दुपारी थिअरी आणि वरण-भात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही छोट्या टेकडीवर हार्नेस घालून तासभर बसलो. विंडसॉक कधी आडवं व्हायचं, कधी मान टाकायचं. म्हणजे वारा एकसारखा नव्हता, झटके येत होते. सूर्य खाली गेला तसे सर उठले आणि म्हणाले, “चला, पॅक करा. आज नको.” कुणी वाद घातला नाही. कोर्सची फी आधीच भरलेली होती, उडालो काय नि न उडालो काय, सरांच्या खिशात फरक पडणार नव्हता.

हा शेवटचा मुद्दा मला घरी आल्यावर कळला.

तेच सामान, वेगळा धंदा

टँडेम राईडचं गणित उलटं आहे. तिथे पैसे प्रत्येक उड्डाणामागे मिळतात. ग्राहक दोन दिवसांच्या सहलीला आलेला, रात्रीची परतीची बस बुक झालेली, खाली दहा जण रांगेत. अशा वेळी पायलटने ‘आज नको’ म्हटलं तर ग्राहक चिडतो, ऑपरेटर चिडतो आणि जिथे पायलटला उड्डाणामागे पैसे मिळतात तिथे त्याचा स्वतःचा दिवस फुकट जातो. चुकला तर सर्वांत आधी मरणारा माणूसही तोच, हे गोव्यात दिसलंच. परगावाहून पोटासाठी आलेला तरुण पायलट आणि रीलसाठी आलेला तरुण प्रवासी एकाच दोरीला लटकलेले असतात, आणि थांबायचा निर्णय दोघांनाही परवडत नाही.

त्यातून प्रवाशाला काही शिकवलंही जात नाही. ‘पळा म्हटलं की पळा, बसा म्हटलं की बसा’ एवढंच. विंगचं कापड उन्हाने किती थकलंय, आणीबाणीचं रिझर्व्ह पॅराशूट शेवटचं कधी उघडून पॅक केलं, वारा कुठून आहे, हे विचारायचं असतं हेच त्याला माहीत नसतं. आम्हाला पहिल्या दिवशी जे कळलं, ते राईड घेणाऱ्याला कधीच कळत नाही.

कागदावर काय आहे?

नियमच नाहीत, असं नाही. हिमाचलचे एरो स्पोर्ट्स नियम २००४ पासून आहेत. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींतल्या उपक्रमांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी त्यात आहे. केंद्राने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केलं. त्यात हँग ग्लायडिंग, पॅराग्लायडिंगपासून बलूनिंगपर्यंत ११ खेळ आहेत, वर शिखर संस्था आणि खाली क्लबपर्यंत अशी चार पातळ्यांची रचना आहे. सेवा देणाऱ्याने आपली आणि मुख्य साधनांची नोंदणी करावी असं त्यात म्हटलंय. २०३० पर्यंत भारताला हवाई खेळांतल्या आघाडीच्या देशांत नेण्याचं स्वप्नही आहे.

मग अडतंय कुठे? नोंदणी एकदा होते, वारा मात्र तासातासाला बदलतो. टेकडीवर दुपारी दोन वाजता कुणी थांबवायचं, याचं उत्तर कागदात सापडत नाही. आणि आपल्याकडे ते उत्तर दरवेळी अपघातानंतर येतं. बीर बिलिंगमध्ये बंगळुरूच्या १२ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये हिमाचल उच्च न्यायालयाने तपासणी होईपर्यंत राज्यातले साहसी खेळच थांबवले. त्यात नीट काम करणाऱ्यांचाही रोजगार थांबला. आधी मोकाट, मग सरसकट बंद, मग पुन्हा सुरू, असं चाललंय.

नियम कडक केले की प्रश्न सुटला, असंही नाही. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधला एक व्हिडिओ जगभर फिरला होता. अमेरिकन पर्यटकाचं हँग ग्लायडिंगचं पहिलंच उड्डाण, आणि पायलट त्याचा हार्नेस ग्लायडरला अडकवायलाच विसरला. दोन मिनिटांहून जास्त वेळ तो माणूस हातांनी लटकत राहिला. मनगट मोडलं, पण वाचला. पर्यटनात मुरलेल्या देशात हे झालं, कारण एक पायरी गळली. म्हणूनच हँग ग्लायडिंगमध्ये उडण्याआधी हार्नेसमध्ये प्रत्यक्ष लटकून बघायची पद्धत आहे. पॅराग्लायडिंगमध्ये तसंच मांड्यांचे पट्टे, कॅराबिनर, दोऱ्या, वारा आणि समोरचं आकाश दरवेळी बघायचं. शंभरावं उड्डाण असलं तरी.

शिकणं महाग, राईड स्वस्त

इथे आपल्या पिढीचा प्रश्न येतो. राईड काही मिनिटांत आणि एका वीकेंडच्या बजेटमध्ये होते. कोर्सला दिवस लागतात, सुट्टी लागते आणि फी एवढी की माझी इंटर्नशिपची जमा आणि आजीने दिलेले पैसे त्यात गेले. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ते शक्य नाही. मग ती मुलं राईडकडेच जाणार.

गिर्यारोहणाचं मात्र असं नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही ट्रेकरला विचारा, तो तुम्हाला उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटचा बेसिक आणि मग ॲडव्हान्स कोर्स सांगेल. सरकारी संस्था, ठरलेली पायरी, गावागावांतले क्लब आणि ‘बेसिक केलंस का?’ असं विचारणारे सीनियर. त्या प्रश्नानेच कितीतरी जण वाचले असतील. उडण्यासाठी पी-१, पी-२ अशा पायऱ्या आहेत, टँडेम पायलटसाठी वेगळं प्रशिक्षणही असतं. पण कॉलेजच्या मुलाला परवडेल आणि सहज सापडेल असा रस्ता नाही. २०३० चं स्वप्न बघायचं तर सुरुवात इथून करायला हवी. कॉलेजच्या ॲडव्हेंचर क्लबला सवलतीत निदान दोन दिवसांचं ग्राउंड हँडलिंग मिळालं, तरी राईडला जाणारी मुलं विंडसॉक बघायला शिकतील आणि चार प्रश्न विचारतील.

माणूस उडायला शिकला तोही असाच, पायरी पायरीने. जर्मनीच्या ओटो लिलिएन्थालने १८९४ मध्ये बर्लिनजवळ सुमारे १५ मीटरची टेकडी स्वतः रचून घेतली, केवळ सरावासाठी. त्याने दोनेक हजार वेळा उड्डाण केलं, आणि १८९६ मध्ये हवेच्या एका झटक्याने विंग थांबलं, तो पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. इतका सराव असलेल्यालाही वाऱ्याने माफ केलं नाही. राईडच्या रांगेतल्या माझ्याकडे तर सरावच नसतो.

चौथ्या दिवशी सकाळी वारा एकसारखा होता. सरांनी मान हलवली, मी पळाले, आणि पाय जमिनीवरून सुटल्याचं मला जमिनीवर परत टेकल्यावर कळलं. फार तर १५ सेकंद. रील काढायला कुणी नव्हतं. आईला फोन केला तर ती म्हणाली, “एवढंच?” मी म्हटलं, “हो, आणि काल तर तेवढंही नाही.” तेव्हा कुठे तिच्या आवाजातला ताण गेला.

पैसे भरण्याआधी हे विचारा

• राज्याच्या पर्यटन विभागाकडे नोंदणी आहे का? नंबर दाखवा.

• माझ्याबरोबर उडणाऱ्या पायलटकडे टँडेमचा परवाना आहे का? कंपनीच्या मालकाचा नको, त्याचाच बघायचाय.

• विंग किती जुनं? रिझर्व्ह पॅराशूट आहे का आणि वर्षभरात पुन्हा पॅक केलंय का?

• विमा आहे का? स्वतःची पॉलिसीही वाचा. अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.

• उडण्याआधी माझ्या मांड्यांचे पट्टे आणि दोन्ही कॅराबिनर माझ्यासमोर तपासाल का?

• हवा बिघडली तर पैसे परत मिळतील का? मिळतील असं उत्तर आलं, तर तिथल्या पायलटला ‘आज नको’ म्हणणं परवडतं. आणि ते त्याने म्हटलंच, तर वाद न घालता चहा प्यायला जा.