फटक्यांचा जमाखर्च

हौशी गोल्फपटूची व्यथा ठरलेली असते. एका रविवारी तो मनाजोगा खेळतो आणि पुढच्याच रविवारी दोन हातांवरच्या होलमध्ये चेंडू घालताना त्याचे हात आखडतात. दोष मनगटांवर लादला जातो. वस्तुतः चूक हिशेबात असते. 2020 पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीनुसार खेळाडूचा हँडिकॅप गेल्या 20 फेऱ्यांपैकी सर्वोत्तम 8 फेऱ्यांच्या सरासरीवरून ठरतो. हा आकडा कुवतीचा निदर्शक होय; बहुतेक फेऱ्या त्याहून उण्याच व्हायच्या. जो आपल्या उत्तम दिवसालाच सरासरी समजतो, त्याला प्रत्येक साधारण दिवस तोट्याचा भासतो.

बुडालेला खर्च पुढील निर्णयात धरू नये, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक दंडक. वाळूत गमावलेले फटके याच जातीचे. तरीही ते लगोलग वसूल करण्याचा अट्टाहास खेळाडूस अधिकच खोलात नेतो. 1921 साली सेंट अँड्र्यूज येथील ब्रिटिश ओपन स्पर्धेत, अकराव्या होलच्या वाळूत अडकलेल्या 19 वर्षांच्या बॉबी जोन्स यांनी संतापून स्पर्धेतून अंग काढून घेतले. पुढे प्रतिस्पर्ध्याऐवजी ‘पार’शी खेळण्याची शिस्त त्यांनी बाणवली. 1927 साली त्याच मैदानावर त्यांनी तीच स्पर्धा जिंकली आणि 1930 साली, हौशी राहूनच, ब्रिटन व अमेरिका येथील ओपन व हौशी अशा चारही स्पर्धा जिंकल्या.

हौशी खेळाडूनेही आपला जमाखर्च 20 फेऱ्यांचा मांडावा आणि प्रत्येक फटका कोऱ्या पानावर लिहावा. सराव त्याने टळणार नाही. मात्र सरावाच्या फळाआड येणारी भीती पुष्कळशी ओसरेल.