झांकलेला अग्नि

अंबरनाथास विम्कोच्या कारखान्यांत आगपेट्या बनत, तेव्हां काडी घासल्यावांचून अग्नि प्रगटत नसे. सांप्रत बदलापूर-उल्हासनगरचे कित्येक तरुण चालू लॅपटॉप झांकण मिटून पिशवींत कोंबितात व लोकल गांठतात. रात्रीं तोच गादीवर चार्ज होत राहतो. पुष्कळ यंत्रांची उष्णता कळफलकांतून व बिजागरीपाशीं बाहेर पडते. ती वाट कोंडली आणि लिथियम बॅटरी जुनी वा सदोष असली, तर आंतील पातळ पडदा वितळून दाह आपणच वाढत जातो. आगीच्या भयानें २००६ सालीं डेल कंपनीनें सुमारें ४१ लक्ष बॅटऱ्या परत मागविल्या होत्या. यास्तव झांकण मिटण्यापूर्वीं यंत्र पूर्ण बंद करावें. बॅटरी फुगून कळफलक उचललेला दिसल्यास पुनः चार्ज करूं नये. निजण्यापूर्वीं देवघरांतील समई पाहणाऱ्या वडील मंडळींनीं मुलांच्या उशाशीं असलेलें हें यंत्रही पाहावें, अशी आमची विनंति आहे.