टायसन मोठा की अली? पानठेल्यावरचा वाद आणि आपली पोरं

परवा संध्याकाळी चौकातल्या पानठेल्यावर दोन पोट्टे हमरीतुमरीवर आले. विषय काय, तर टायसन मोठा की मोहम्मद अली. दोघांच्याही हातात मोबाईल, दोघांकडेही तीस-तीस सेकंदांचे रील. एकात टायसन कोणाला तरी आडवा करतो, दुसऱ्यात अली. मी मधात तोंड घातलं. म्हटलं, "बाबू, ठोसा चुकवण्यात यातला भारी कोण ते सांग." तर दोघंही माझ्याकडे असे पाहायला लागले, की या काकाले काय समजते.

म्हणून हे लांबलचक लिहितो. कारण हा वाद आता नुसता पानठेल्याचा राहिला नाही. दोन-तीन महिन्यांपासून पोलीस भरतीची तयारी करणारी आपली काही पोरं मैदानावर बॉक्सिंगही करतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, एखादं प्रमाणपत्र मिळालं तर बरं, असा हिशोब. चांगलंच आहे. खर्रा घोटत बसण्यापेक्षा हजार पटीनं चांगलं. पण ग्लोव्हजच्या जोड्या दोन, हेडगार्ड एकही नाही, माउथगार्ड एकही नाही, आणि शिकतात कुठून, तर याच रीलवरून. मागच्या आठवड्यात दहावीतल्या एका पोराला कानशिलावर बसला. तो म्हणाला, डोकं जड वाटते. तोंडावर पाणी मारलं, सगळे हसले, पाच मिनिटांनी त्याला परत उभा केला. मी तिथे होतो आणि मीही काही बोललो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी कबड्डी खेळलो, डाव्या कोपऱ्यात. आपल्याकडे चढाईपटूला टाळ्या मिळतात, पण पकड झाली की अख्खं मैदान उभं राहते. बचाव म्हणजे काय हे आपल्या गावाला कोणी शिकवायची गरज नाही. बॉक्सिंगमध्ये मात्र आपण फक्त मारणारा पाहतो.

तर मुद्द्यावर. हेवीवेट गटात बचाव सगळ्यात महत्त्वाचा, कारण तिथे एका ठोशात खेळ संपतो. शंभर किलोचा माणूस चुकून एकदा जरी नीट लागला तरी संपलं. माझ्या मते या गटातला सगळ्यात पक्का बचाव जॅक जॉन्सनचा. १९०८ साली सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून तो जगज्जेता झाला, हे विजेतेपद मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय. १९१० मध्ये रेनोला जेफ्रीजशी लढला, ती लढत ४५ राऊंडची ठरलेली होती! पंधराव्या राऊंडला संपली ते सोडा, पण ४५ राऊंड उभं राहायच्या तयारीनं उतरणाऱ्या माणसाला मार खाऊन भागत नाही. तेव्हाचे ग्लोव्हज आजच्या १० औंसांच्या मानानं पातळ, त्यामागे तोंड लपवता येत नव्हतं. मग जॉन्सन काय करायचा, समोरच्याचा ठोसा निघता निघताच उघड्या तळव्यानं अडवायचा, नाहीतर त्याच्या दंडावरच हात दाबून ठेवायचा. ठोसा जन्मालाच येऊ द्यायचा नाही. जुनी फिल्म आहे, पाहा. कंटाळवाणी वाटेल. तीच तिची गंमत आहे.

टायसनवाल्या पोट्ट्याला हे पटणार नाही, पण टायसनही मुळात बचावाचाच चेला. त्याचे गुरू कस डी'अमाटो यांनी त्याला शिकवलं ते आधी हेच: दोन्ही मुठी गालाला, खांदे सतत हलते, डोकं एका जागी दोन क्षणही नाही. १९८६ मध्ये विसाव्या वर्षी जगज्जेता झाला तो याच्या जोरावर. समोरच्याचा ठोसा हवेत जायचा आणि त्याच झोक्यातून टायसनचा निघायचा. रीलमध्ये दिसतो तो दुसरा अर्धा भाग. डी'अमाटो १९८५ मध्येच वारले, त्यांच्या तालमीतला प्रशिक्षक केविन रूनी यालाही टायसननं १९८८ मध्ये दूर केलं, आणि डोकं हलायचं थांबलं. १९९० च्या फेब्रुवारीत टोकियोत बस्टर डग्लसनं त्याला दहाव्या राऊंडला झोपवलं. ताकद तीच होती.

आता अली. इथे कॉमेंटमध्ये शिव्या पडतील, पडू द्या. १९६४ ते १९६७ चा अली पाहिला तर त्याच्यासारखा चुकवणारा झालाच नाही असं वाटते. पण तो काय करत होता? हात खाली, आणि ठोसा आला की डोकं सरळ मागे. कोणताही प्रशिक्षक पोराला हे करू देणार नाही. ते चाललं ते पायांवर आणि नजरेवर, म्हणजे वयावर. सैन्यात जायला नकार दिला म्हणून साडेतीन वर्षं रिंगबाहेर राहिला आणि १९७० मध्ये परतला तेव्हा ते पाय तसे राहिले नव्हते. मग १९७४ मध्ये किन्शासाला त्यानं दोरांना टेकून फोरमनचा मार अंगावर घेतला, त्याला दमवलं आणि आठव्या राऊंडला पाडलं. जग त्याला डावपेच म्हणते. होताच. पण तो बचाव अंगानं फेडलेला होता. सरावातही तो स्पारिंगवाल्यांना स्वतःला मारू द्यायचा, अंग घट्ट व्हावं म्हणून. १९७७ मध्ये शेव्हर्सशी पंधरा राऊंड झाल्यावर त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी थांब म्हटलं, तो थांबला नाही, डॉक्टर सोडून गेले.

१९८० च्या जानेवारीत अली दिल्लीला आला होता. आपल्या कौर सिंग यांनी त्याच्याशी प्रदर्शनी लढत दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लास वेगासला लॅरी होम्सनं, जो कधीकाळी अलीचाच स्पारिंगचा साथीदार होता, त्याला दहा राऊंड नुसतं मारलं. शेवटी कोपऱ्यातूनच लढत थांबवली. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. डोक्यावरच्या माराचा त्यात किती वाटा, यावर डॉक्टरांत एकमत नाही. पण १९९६ ला अटलांटात ऑलिम्पिकची ज्योत पेटवताना थरथरणारा हात ज्यांनी टीव्हीवर पाहिला, ते विसरले नसतील.

आजच्यांमध्ये उसिक. २०२४ च्या मे महिन्यात रियाधला फ्युरीसमोर उतरला तेव्हा तो १०१ किलोचा, फ्युरी ११८ च्या वर, उंचीही फ्युरीचीच जास्त. उसिक जिंकला, डिसेंबरमध्ये परत जिंकला. त्याचा बचाव पायांत आहे, पण तरुण अलीसारखा मागे पळण्याचा नाही. अर्धं पाऊल बाजूला, लगेच परत आत. हे शिकवता येते. क्लिच्को तर लांब डाव्या हातानं आणि गळामिठीनं वर्षानुवर्षं जिंकत राहिला. लोकांना झोप यायची, पण मला तोही आवडतो.

तर माझा क्रम: जॉन्सन, मग उसिक, मग तरुण अली. टायसनची पहिली तीन वर्षं चौथी. वेगळ्या काळांची तुलना ग्लोव्हज, वजनं, राऊंड बदलल्यामुळे सरळ होत नाही हे मान्य. म्हणून मी एकच पाहतो, पाय जड झाल्यावर बचाव टिकला का.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगतो. नागपूरची अल्फिया पठाण, पोलिसाची मुलगी, २०२१ मध्ये पोलंडला युवा जागतिक स्पर्धेत ८१ किलोवरील गटात सुवर्ण घेऊन आली, अंतिम लढत ५-०. मानकापूरला सराव करायची. म्हणजे रस्ता आहे आणि तो नागपूरपर्यंत तरी एसटीनं जातो. पण तिथे पोरं प्रशिक्षकाच्या नजरेखाली असतात. मोठ्या पुरुषांच्या हौशी स्पर्धांतून २०१३ मध्ये हेडगार्ड काढलं, म्हणून आपली पोरं म्हणतात आता लागत नाही. लागते. लहान मुलांना आणि महिलांना ते कायम आहे. आणि हौशी बॉक्सिंगचा नियम असा, की डोक्याच्या मारानं लढत थांबली तर पहिल्यांदा किमान ३० दिवस लढत तर नाहीच, स्पारिंगही नाही. आपण पाच मिनिटं दिली.

पोरांच्या आईबापांना सांगणं आहे, खेळ बंद करू नका. पहिले दोन महिने नुसता गार्ड आणि पाय, समोर माणूस नाही. डोकं जड वाटते म्हणालं की त्या दिवशी घरी, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे. ज्या शिक्षकांना यातलं कळते त्यांनी आठवड्यातून एकदा तरी मैदानावर यावं, चहा माझ्याकडे.

सुरुवातीला दोन हेडगार्ड लागतील आणि माउथगार्ड प्रत्येकाला वेगळं. एका हेडगार्डचे पैसे मी देतो. दुसऱ्याचं कोण बोलते ते खाली लिहा, आणि रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर भेटा. टायसनवाला आणि अलीवाला, तुम्ही दोघं तर याच.