पानांचा गुण आणि पुराव्याची कसोटी

परभणी जिल्ह्यात शेवग्याचे झाड परसदारी, विहिरीच्या काठी किंवा शेताच्या बांधावर सहज आढळते. शेंगा आमटीत पडतात; पाला मात्र बहुधा शेळ्यांच्या वाट्याला जातो. आयुर्वेदाने ज्याला ‘शिग्रू’ म्हटले, त्याच वृक्षाच्या पानांचे चूर्ण आता आकर्षक डब्यांतून ‘रक्तवर्धक’ म्हणून विकले जाते. परसातली वस्तू बाजारातून परत आल्यावरच तिचे मोल कळावे, ही आपली जुनी खोड आहे. परंतु उपेक्षेइतकाच आंधळा गौरवही घातक असतो.

शेवग्याच्या पानांत क जीवनसत्त्व, क्वेर्सेटिन व क्लोरोजेनिक आम्ल ही ऑक्सिडीकरणरोधी द्रव्ये असतात, हे निर्विवाद आहे. जांभळ्या रंगाचे एक रसायन अशा द्रव्यांच्या संपर्कात पिवळे पडते. त्यावरून प्रयोगशाळेत त्यांची शक्ती मोजली जाते. दुसऱ्या परीक्षेत तांबड्या रक्तपेशींवर मुद्दाम ताण आणून, अर्कामुळे किती पेशी फुटण्यापासून वाचल्या ते पाहतात. सुमारे १२० दिवस जगणारी, केंद्रक नसलेली ही पेशी आपले आवरण नव्याने घडवू शकत नाही. म्हणून ही परीक्षा अर्थपूर्ण आहे. मात्र परीक्षानळी म्हणजे मानवी देह नव्हे. पचन, शोषण व यकृत यांतून पार पडल्यावर त्या द्रव्याचे काय उरते, हे नळी सांगत नाही.

येथेच विवेकाची गरज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पेशीचे रक्षण करणे वेगळे आणि नवी पेशी घडविण्यासाठी लोह पुरविणे वेगळे. किंबहुना ज्या पॉलिफिनॉल द्रव्यांमुळे पानांना रक्षकाची कीर्ती लाभली, तीच अन्नातील लोहाचे शोषण कमी करतात. जेवणालगत चहा नको, असे डॉक्टर सांगतात ते याच कारणाने. तेव्हा मुलीची लोहाची गोळी बंद करून तिला पानांचे चूर्ण देणारी माता परंपरेचे पालन करीत नसते; ती अजाणतेपणी मुलीचे नुकसान करते.

‘वनस्पती म्हणजे निरुपद्रवी’ हा समजही असाच तपासावा लागेल. मेंदीच्या पानांतील लॉसोन हे रंगद्रव्य, जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडू शकते. म्हणजे एक पान पेशी राखते, तर दुसरे तिचा नाश करते.

१९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. तो विजय घोषणांनी मिळाला नाही. जुने ग्रंथ व प्रकाशित निबंध पुरावा म्हणून समोर ठेवले, म्हणून मिळाला. स्वाभिमानाला पुराव्याचे बळ लागते, हा त्याचा धडा.

परभणीने ही वाट दाखविलीही आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने विकसित केलेला, लोह व जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ साली प्रसारित झाला. त्यातील लोह मोजलेले आहे, केवळ वाखाणलेले नाही. पाल्याच्या बाबतीतही हीच शिस्त हवी. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी ठेवावयाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत जाणत्या आजीबाईंचे वनस्पतिज्ञान नेमकेपणाने उतरावे आणि विद्यापीठांनी ते माणसांवरील चाचण्यांपर्यंत न्यावे.

तोवर ज्वारीची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि वर पिळलेले लिंबू ताटात अवश्य असावे. लिंबातील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणाला साहाय्य करते. मात्र त्याबरोबर रक्ततपासणी आणि डॉक्टरांनी दिलेली गोळीही चुकू नये. पूर्वजांनी हे ज्ञान निरीक्षणातून मिळविले होते. ते निरीक्षण पुढे चालू ठेवणे, हाच त्यांचा खरा सन्मान होय.